टर्बोचं खापर

दादाची ती निळी गाडी मी बिघडवली नव्हती. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण आमच्या नातेवाइकांत अजूनही अशी माणसं आहेत की माझं नाव निघालं की म्हणतात, "तीच ना, जिने भावाच्या गाडीचं इंजिन घालवलं?" इंजिन गेलं नव्हतं. टर्बोही गेला नव्हता. आणि जे काय झालं होतं त्यात माझा हात नव्हता, हे दाखवून द्यायला मला जे करावं लागलं ते आठवलं तरी अजून कानशिलं तापतात. माझी लेक म्हणते, आई, इतक्या वर्षांनी काय उगाळत बसतेस, आता तर गाड्यांना इंजिनच नसतं. नसू दे. मी उगाळणार.

आम्ही तेव्हा सिंगापूरला, चोआ चू कांगला राहायचो. हॉलच्या खिडकीसमोरून एलआरटीचा रूळ जायचा आणि ती बिनड्रायव्हरची छोटी गाडी वळणावर बारीक आवाजात कुंथत पुढे सरकायची. उजाडायच्या आत कोकिळा ओरडायला लागायच्या. आमच्या मजल्यावरची चिनी आँटी त्यांना शिव्या घालायची, आणि आई मात्र चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायची की सांगलीत असल्यासारखं वाटतं. दुपारी त्याच आँटीकडे माहजाँगचा डाव बसला की सोंगट्यांचा खडखडाट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा, आणि आईने लाल मिरचीची फोडणी घातली की आँटीचं दार आपटून बंद व्हायचं. असा दोघींचा हिशेब बरोबरीत चालायचा. रविवारी थालीपीठ आणि लोणी हे ठरलेलं. लोणी घरी विरजलेल्या सायीचं नव्हतं, डब्यातलं होतं, पण आई ते वाटीत काढून वर बोटाने खड्डा करून ठेवायची म्हणजे ते घरचं वाटायचं.

बाबा जुरोंग आयलंडवर एका रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनीयर होते. गळ्यात पास अडकवून अंधारातच कंपनीच्या बसला जायचे आणि परत आले की अंगाला तेलाचा हलका वास असायचा, जो दोनदा आंघोळ करूनही जायचा नाही. त्यांचं काम म्हणजे दाब, उष्णता, प्रवाह मोजणारी यंत्रं नीट चालतात की नाही हे बघणं. जेवताना तेच विषय. वरणात तूप घालता घालता सांगायचे, "गेज उगाच खोटं बोलत नाही. खोटं बोलते ती गेजपर्यंत जाणारी नळी. रीडिंग विचित्र आलं की नवी पोरं गेज बदलायला धावतात. आधी नळी बघायची. आणि डोळ्यांनी नाही, बोटांनी." दादा हे ऐकताना टेबलाखाली फोन बघायचा. मी ऐकायचे. मला त्यात मनापासून रस होता. घरातला मिक्सर उघडून बसवायचा तर बाबा मलाच हाक मारायचे, आणि पाना कसा धरायचा, आटे न घालवता स्क्रू कसा फिरवायचा हे सगळं मला त्यांनीच शिकवलं होतं. मी बारावीच्या बरोबरीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, निकाल लागला की मेकॅनिकल इंजिनीयरिंगला अर्ज करायचा, हे आमच्या घरात इतकं ठरलेलं होतं की त्यावर कधी चर्चाही झाली नव्हती.

दादा माझ्याहून बराच मोठा. वन-नॉर्थला एका ऑफिसात कोड लिहायचा आणि पहिल्या पगारापासून गाडीचं वेड डोक्यात. इथे गाडी ठेवायचा परवाना दहा वर्षांचा असतो, त्यातली थोडीच वर्षं उरलेली अशी एक जुनी निळी जपानी गाडी त्याने घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात बरंच काही केलेलं होतं. एक्झॉस्ट बदललेला, कंपनीच्या कडक नळ्या काढून काळ्या मऊ सिलिकोनच्या नळ्या घातलेल्या, आणि ड्रायव्हरच्या उजव्या हाताला काचेलगतच्या खांबावर एक गोल गेज, टर्बो किती दाबाने हवा कोंबतोय ते दाखवणारं. गाडी हाती आली त्या पहिल्याच महिन्यात दादाने बहुमजली कार्पार्कच्या चढावर क्लच जाळला. मी शब्दशः म्हणते आहे. सगळ्या मजल्यावर जळका वास पसरला होता. तेव्हा बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "शिकताना व्हायचंच." आईने त्याला कोकम सरबत करून दिलं होतं. हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं, कारण माझ्या घरच्यांनी ठेवलं नाही.

मला लायसन्स मिळालं त्या रविवारी आईने गाडीची पूजा करायचं काढलं. "पूजा तेव्हाच झाली की, गाडी घेतली तेव्हा," दादा म्हणाला. "तेव्हा तू चालवणार होतास. आता ही चालवणार," आई म्हणाली. नारळ कार्पार्कात फोडला तर पाणी खालच्या मजल्यावर गळेल आणि कुणीतरी फोटो काढून तक्रार करेल, म्हणून तो आईने घरी सिंकमध्येच फोडून आणला. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. सांगलीच्या सुमाआत्याने, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीने, मेतकुटाच्या पुड्यात घालून एक काळा दोरा पाठवला होता, देवळातून मंतरून आणलेला, एका टोकाला कुंकवात बुडवलेला. तो आरशाला बांधायचा होता. दादा आडवा आला. "आरशाला नाही हं, बंपरला पण नाही. डॅम अग्ली दिसतं, आई, प्लीज लाह." आई खट्टू झाली आणि तिने दोरा परत ताम्हनात ठेवला. बाबा हात मागे बांधून बघत होते. "ही सगळी हिची आणि सुमाताईची खुळं," मला म्हणाले. "आपण विज्ञानाची माणसं. मी आपला खोबरं खायला आलोय." मग मी आणि दादा चिरडलेली लिंबं वर्तमानपत्रात गोळा करत होतो तेवढ्यात ते म्हणाले, "जरा ऑइल बघून घेतो," आणि बॉनेट उघडून त्यात डोकं घालून उभे राहिले.

थोड्या वेळाने मी एकटी निघाले. एक्सप्रेसवेला लागायच्या उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. गाडी आधी भलतीच जोरात सुटली आणि मग एकदम कुणीतरी मागून कॉलर धरून ओढावं तशी अडखळली. पाय सैल केला तर पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागली. परत दाबला, परत तेच. मी गपचूप डाव्या लेनमध्ये आले आणि हळू हळू घरी आणली. कार्पार्कात लगेच इंजिन बंद केलं नाही. टर्बो तापलेला असतो, गाडी थोडा वेळ नुसती चालू ठेवून त्याला निवू द्यायचं, हा दादाचाच नियम. रेडिओवर एक गाणं लागलं होतं, ते संपेपर्यंत बसले आणि मग किल्ली फिरवली. वर येऊन जे झालं ते जसंच्या तसं दादाला सांगितलं. त्याने विचारलेला पहिला प्रश्न "काय झालं" हा नव्हता. तो होता, "तू काय केलंस?"

संध्याकाळी त्याने स्वतः चालवून पाहिली आणि पडेल चेहऱ्याने आला. हलक्या पायाने ठीक, जोर मागितला की गाडी अंग चोरते. "माझ्या हातात कालपर्यंत नीट होती," एवढं एकच वाक्य तो फिरवून फिरवून बोलत होता. जेवायच्या टेबलावर माझी उलटतपासणी झाली. गरम टर्बो तसाच बंद केलास. नाही केला, थांबले होते. किती? एक गाणं संपेपर्यंत. कुठलं गाणं? आता हा काय प्रश्न झाला? पण दादाने खरोखर विचारलं, आणि मला गाण्याचं नाव सांगता आलं नाही म्हणून तो असा मागे टेकला की जणू खटला निकालात निघाला. बाबा म्हणाले, "रेडिओवरचं गाणं हे काही माप नाही." मी म्हटलं, "बाबा, पण गाडी मी बंद करायच्या आधीपासून अडखळत होती. एक्सप्रेसवेवरच." त्यावर आई म्हणाली, "जाऊ दे ना, झालं ते झालं, जेवा आता." जे झालंच नव्हतं ते झालं म्हणून माझ्या पानात वाढलं जात होतं आणि वर मीच समजूतदारपणे गिळायचं होतं.

मग ते पसरलं. रविवारच्या फोनवर सुमाआत्याला कळलं. मंडळाच्या हळदीकुंकवाला देशपांडे काकू माझ्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता हसून म्हणाल्या, "काय गं, भावाची गाडी बसवलीस म्हणे? मुलींचा पाय जडच असतो बाई." मी तोंड वर करून विचारलं, "काकू, तुम्ही बसला होतात का गाडीत?" तर घरी आल्यावर त्या बोलण्याबद्दल मलाच ऐकून घ्यावं लागलं. गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही हे तर पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

दादाने गाडी ज्या वर्कशॉपला नेली तिथला मालक अंकल लिम. मी हट्टाने बरोबर गेले. दाराशी लाल देव्हारा, त्यात संत्री आणि उदबत्ती, आणि देव्हाऱ्याखाली झोपलेलं मांजर. अंकलने प्लग बदलले, हवेच्या मोठ्या पाइपांच्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारलं, बुडबुडे येतात का पाहिलं. नाही आले. मग हात पुसत म्हणाला, "टर्बो कोयाक ऑलरेडी." कोयाक म्हणजे फाटलं, संपलं. त्याने दादाला विचारलं, कोण चालवत होतं? दादाने मान न वळवता अंगठा माझ्याकडे केला. "आह," अंकल म्हणाला, आणि दोघं हसले. मी इंग्रजीत विचारलं की टर्बो संपला असेल तर हलक्या पायाने गाडी नीट का चालते, आणि अडखळायच्या आधी इतकी जोरात का सुटते? त्याने प्रश्न माझा ऐकला आणि उत्तर दादाला दिलं. माणूस वाईट नव्हता, मला थंडगार क्रिसॅन्थेमम चहाचं खोकंही दिलं. पण उत्तर दादाला दिलं. कुणीतरी वापरलेला पण चालू टर्बो त्याच्या नळ्यांसकट जपानहून यायचा होता, पुढच्या शनिवारी बसवायचं ठरलं.

त्याच आठवड्यात, निकाल लागायच्या तोंडावर, बाबा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. आवाज मऊ होता, तोच मला जास्त लागला. "मी विचार केला. मेकॅनिकल नको. तुझे हिशेब चांगले आहेत, अकाउंटन्सीला अर्ज कर." मी विचारलं का. म्हणाले, "यंत्राची जाण हातात असावी लागते. ती असते किंवा नसते. कारखान्यात चूक झाली तर गाडी नाही बंद पडत, माणसं मरतात." मला आधी कळलंच नाही की हे गाडीवरून चाललंय. ज्यांनी माझ्या हातात पाना दिला ते म्हणत होते की माझ्या हातात काही नाही. ज्या मुलाने खराखुरा क्लच जाळला त्याला कुणी अकाउंटन्सी घ्यायला सांगितली नव्हती. मी तेव्हा रडले नाही. तळपायाची आग मस्तकात गेली की रडू येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आणि दुसरी एक गोष्ट कळली, ती जास्त भीतीची होती. शनिवारी दुसरा टर्बो बसला, दुसऱ्या नळ्या आल्या आणि गाडी धावायला लागली, की संपलं. मग जुना टर्बो खरंच गेला होता का, हे कुणी कधी बघणार नाही. दोष कायमचा माझ्या नावावर, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दोषावरून ठरवलेलं.

गुरुवारी सुट्टी होती आणि आईला लिम चू कांगच्या नर्सरीतून कढीपत्त्याचं रोप हवं होतं. मी पुढच्या सीटवर बसले, आई मागे. तो रस्ता लांबच लांब सरळ आणि रिकामा. मी दादाला म्हटलं, "तिसऱ्यात टाक आणि एकदा पूर्ण दाब." "कशाला? आणखी बिघडवायचीय?" "शनिवारी बदलतोच आहेस ना? मग काय बिघडणार?" त्याने दाबलं. तो रस्त्याकडे बघत होता, बघायलाच हवं होतं. मी त्याच्या पलीकडच्या गोल गेजकडे वाकून बघत होते. चांगल्या दिवसांत त्या गेजचा काटा घड्याळातल्या बाराच्या जागी येऊन थांबायचा, हे मी त्याच्या शेजारी बसून कितीतरी वेळा पाहिलेलं. आता तो बारावर थांबलाच नाही. एक, दोन, तांबड्या पट्ट्यात गेला, आणि मग गाडीने आचका दिला. "परत," मी म्हटलं. परत तेच. मागून आई म्हणाली, "अरे हळू, अशी चालवलीस तर येताना रोप कलंडेल."

"दादा, दाब कमी नाहीये. जास्त होतोय," मी म्हटलं. "टर्बो मेलेला नाही, तो थांबत नाहीये. गाडीचा कॉम्प्युटर घाबरून पेट्रोल तोडतोय." दादा म्हणाला, "गेज खराब असेल." हे वाक्य मी आजही विसरले नाही. गेज खराब असू शकतं, टर्बो खराब असू शकतो, माझा पाय जड असू शकतो, फक्त मी बघितलेलं बरोबर असू शकत नाही. मी त्याला सांगायला गेले की दाब हवा तेवढा झाला की टर्बोला एक बारकी झडप उघडून जास्तीचा धूर सोडावा लागतो, आईच्या कुकरची शिट्टी जशी. ती झडप उघडते एका डबीने, आणि डबीला दाब कळतो पेन्सिलीएवढ्या एका नळीतून. ती नळी बंद असेल तर डबीला कळणारच नाही. तो म्हणाला, "ओके, ओके, प्रोफेसर." आई म्हणाली, "भांडू नका, नर्सरी मागे राहिली."

घरी आल्यावर मी किल्ली मागितली. चालवायला नाही, बॉनेट उघडायला. दादाने खांदे उडवून दिली. कार्पार्कात दुपारची सामसूम होती, कुठेतरी खाली कुणीतरी गाडी धुवत होतं. इंजिन निवेपर्यंत मी कठड्याला टेकून उभी राहिले. मग वाकले. आत सगळं काळं, काळ्या नळ्या, काळी धूळ, काळे पट्टे. डोळ्यांना काहीच चुकीचं दिसेना. तेव्हा मी डोळे सोडून दिले आणि टर्बोकडून डबीकडे जाणारी ती बारकी नळी दोन बोटांत धरून सरकवत नेली, अगदी बाबांनी वरण-भातावर शिकवलं होतं तसं. अर्ध्या वाटेत बोटं अडली. नळीची कंबर आवळलेली होती. तिच्यावर काहीतरी गुंडाळलेलं होतं, वेढ्यावर वेढा, इतकं रुतलेलं की ते नळीचाच भाग वाटत होतं. मी नखाने खरवडलं. दोरा होता. बोट बाहेर काढून पाहिलं तर टोकाला लाल कुंकू लागलं होतं.

गाठ मी ओळखली. सांगलीहून येणारे लोणच्याचे खोके बाबा परत भरून बांधायचे तेव्हा अशीच मारायचे, टोक उलटं वळवून वेढ्याखाली खोचलेलं, सुटता सुटणार नाही असं. विज्ञानाचा माणूस. ऑइल बघून घेतो म्हणे. मी त्या गाठीला हात लावला नाही. वर गेले नाही. फोन काढला आणि बाबांना म्हटलं, "खाली या. एकटे या. चष्मा नाही आणलात तरी चालेल."

ते बनियन आणि हाफपँटवर आले. मी त्यांचा हात धरला आणि बोटं नळीवर ठेवली. "सरकवा." ते सरकवत गेले आणि जिथे माझी बोटं अडली होती तिथे त्यांची अडली. हात तिथेच राहिला.   मग ते म्हणाले, "बांधला तेव्हा सैल होता."

हे पहिलं वाक्य. दोन महिने माझ्या नावाने खडे फोडले, काकूंपासून आत्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं, माझ्या शिक्षणाची दिशा बदलली, आणि पहिलं वाक्य काय, तर बांधला तेव्हा सैल होता. मी म्हटलं, "सिलिकोनची नळी आहे, बाबा. गरम झाली की मऊ पडते आणि दोरा आत रुततो. तुमच्या प्लँटमध्ये कुणी गेजकडे जाणाऱ्या इम्पल्स लाइनला असा दोरा बांधला असता तर काय केलं असतंत?" ते म्हणाले, "काढून टाकला असता." "दोरा की माणूस?" यावर ते थोडे हसल्यासारखे झाले, आणि मला त्याचाही राग आला.

"चिन्मय आरशाला बांधू देईना," ते हळूच म्हणाले. "तू एकटी एक्सप्रेसवेला जाणार होतीस. म्हटलं, कुठेतरी असू दे." मग, "मला तो नंतर आठवलाच नाही, शर्वरी." आणि ते खरं होतं, हे मी आज मान्य करते. त्यांच्या लेखी तो दोरा गाडीला बांधलेलाच नव्हता, मला बांधलेला होता. म्हणूनच रीडिंग विचित्र आलं तेव्हा नळी बघायची त्यांना सुचली नाही. पण त्या वेळी मी असा उदार विचार करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मी म्हटलं, "माझ्या जीवाला काही होऊ नये म्हणून बांधलात, आणि गाडी बिघडल्यावर माझाच जीव खाल्लात. नळी आधी बघायची, हे मला कोणी शिकवलं? मग तुम्ही का नाही बघितली? कारण मी बिघडवली असणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं."

त्यांनी किल्लीच्या जुडग्यातलं नेलकटर काढलं आणि एकेक वेढा तोडला. दोरा निघाल्यावर नळी सावकाश फुगून पूर्ववत झाली, एक वळ मात्र राहिला. दादाला खाली बोलावलं. तिघं गेलो, मी पुढे, बाबा मागे, मुठीत दोऱ्याचे तुकडे. उतारावर दादाने पाय दाबला. काटा बारावर गेला आणि थांबला. गाडी नुसती सुसाट. "वा, शिओक लाह, मस्त," दादा म्हणाला, आणि अंकल लिमला फोन करून शनिवार रद्द केला. मला त्याने दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमध्ये पराठा खाऊ घातला. सॉरी म्हणायची त्याची तीच पद्धत आहे, अजूनही.

त्या संध्याकाळी पिठलं-भात होता. बाबा आईला म्हणाले, "फॉल्ट सापडला बरं का. किरकोळ होता. नळी चोक झाली होती." मी घास खाली ठेवला. "कोणाला सापडला?" बाबा म्हणाले, "सापडला ना, झालं तर." "झालं नाही. कोणाला सापडला, आणि नळी कशाने चोक झाली होती? बिघडल्याचं सांगताना माझं नाव घेत होतात, आता नाव का नाही?" आई म्हणाली, "अगं, बाबा आहेत ते." मी म्हटलं, "म्हणूनच." बाबांनी पाणी प्यायलं, फोन उचलला आणि माझ्यासमोर स्पीकरवर सुमाआत्याला लावला. "ताई, चिन्मयची गाडी मी बिघडवली होती. तुझा दोरा मी भलत्या ठिकाणी बांधला. शर्वरीने शोधून काढलं." तिकडून आत्या म्हणाली, "अगं बाई. मग आता कुठे बांधलात?" आईने पदर तोंडाला लावला. दादा उठूनच गेला. मी हसले नाही, मला अजून एक गोष्ट हवी होती.

फोन ठेवून बाबा म्हणाले, "बरं. मेकॅनिकलला भर अर्ज. जाण आहे तुझ्या हातात." असं म्हणाले, जसं काही ते बक्षीस होतं आणि मी ते जिंकलं होतं. मी विचारलं, "आणि माझ्याकडूनच बिघडली असती तर?"  "टर्बो खरंच मी जाळला असता तर, बाबा? मग अकाउंटन्सी?" ते भात कालवत राहिले.  मी ताट उचललं, भांडी घासली, आणि निकाल लागला त्या सकाळी कुणालाही न विचारता अर्ज भरला.

 त्यानंतर बरेच दिवस बाबा जेवताना प्लँटच्या गोष्टी सांगेनात. मग एका रविवारी आईला टेक्का मार्केटला भाजीला जायचं होतं. दादा सोफ्यावर चहा पीत पसरला होता आणि किल्ली नेहमीप्रमाणे त्याच्या बाजूला पडली होती. बाबांनी ती उचलली, दारापर्यंत चालत आले आणि माझ्या हातात ठेवली. मला वाटलं आता सूचना येणार, टर्बो निवू दे, एक गाणं पुरत नाही, डावी लेन सोडू नकोस. ते दादाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "कार्पार्कच्या चढावर क्लच जळला तर जळू दे. शिकताना व्हायचंच."